टँकरवर जेवणारं बाळ

साईराज यतीन पालशेतकर याने आयुष्यातला पहिला घास आपल्या मामाच्या पांढऱ्या शर्टाला अर्पण केला, तेव्हा सगळे हसले. उष्टावणात असं चालायचंच. मामा त्यासाठी खास डोंबिवलीहून आला होता. त्याने सोन्याच्या अंगठीला खीर लावून भाच्याच्या ओठांना टेकवली. भाच्याने ती क्षणभर तोंडात घोळवली, मामाकडे नीट पाहून घेतलं आणि मग जे काही तोंडात होतं ते फुर्रकन परत केलं. "मामाला प्रसाद दिला हो!" असं कोणीतरी म्हणालं, फोटो निघाले, आणि मामा यतीनचा शर्ट घालून डोंबिवलीला परत गेला. हा प्रसाद पुढे घरातल्या प्रत्येकाला रोज मिळणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

पुढच्या आठवड्यांत साईराजने नाचणीचं सत्त्व भिंतीवर, मुगाचं पाणी आजीच्या लुगड्यावर आणि कुस्करलेलं केळं स्वतःच्या कानात घातलं. तोंडात मात्र काही जाऊ दिलं नाही. चमचा जवळ आला की तो ओठ असे मिटायचा, की त्यात सुईसुद्धा शिरू नये. दूध मात्र हवं. दूध कधीही, कितीही. त्याच्या मते एकदा चांगली सोय लागलेली असताना माणसाने ती बदलण्याचं काही कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर या मुद्द्याला उत्तर देणं अवघडच होतं.

यात सगळ्यात जास्त नाक कापलं गेलं ते यतीनचं. कारण खाण्याचं खातं त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं. तो एका वॉटर प्युरिफायर कंपनीत विक्रेत्यांना प्रशिक्षण द्यायचा. मीरा रोडला नळाला पाणी येण्याचीच मारामार, तिथे पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला शिकवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, असं तो स्वतःच लोकांना सांगत असे. "नकार म्हणजे होकाराचा पहिला हप्ता," हे त्याचं वाक्य कंपनीच्या तीन शाखांमध्ये भिंतीवर लावलेलं होतं. त्यामुळे त्याच्या बायकोने, मृणालिनीने, काळजीने विषय काढला, तेव्हा तो सोफ्यावर मागे रेलून म्हणाला होता, "मृणाल, तू फक्त ऑफिसचं बघ. ह्याला खायला शिकवणं माझं काम. अरे, मी लोकांच्या गळ्यात यंत्रं उतरवलीत, पेज काय चीज आहे!"

मृणालिनीच्या काळजीला कारण होतं. बाळंतपणाची रजा संपली, मग साठवलेली रजा संपली, मग बिनपगारी रजाही संपत आली. अंधेरीच्या तिच्या बँकेने आता शेवटचं कळवलं होतं, की पुढच्या सोमवारी यायचं असेल तर या, नाहीतर जागा भरतो. साईराजला सांभाळायला आलेल्या यतीनच्या आई, शेवंतीबाई, यांचा जीव गुहागरकडच्या घरात अडकलेला. तिथे कलमं होती, गाय होती, आणि गायीवर शेवंतीबाईंचा मुलाइतकाच, कदाचित थोडा जास्तच, विश्वास होता. त्यांनी आपला तोडगा काढून ठेवला होता.

"मी न्हेतंय त्याला गावाला. महिन्याभरात भाकरी मोडून खाईल. तुम्ही दोघं ऱ्हावा हितं."

हे त्या इतक्या सहज म्हणायच्या, की दरवेळी मृणालिनी उठून स्वयंपाकघरात जायची आणि तिथे नसलेलं काम करत उभी राहायची. गावाला म्हणजे सहा महिने तरी. सहा महिन्यांनी पोर आईला ओळखेल का, असं ती एकदाच म्हणाली होती. यतीनला ते वाक्य ऑफिसात, ट्रेनिंग चालू असताना आठवलं आणि तो फळ्याकडे तोंड करून बराच वेळ काहीही न लिहिता उभा राहिला होता.

दुसरा मार्ग होता सिल्व्हर पार्कमधल्या अंबिका मॅडमच्या पाळणाघराचा. पाळणाघर चांगलं, स्वच्छ, मॅडम कडक. पण त्यांची अट होती: नुसत्या दुधावरचं बाळ त्या घेत नसत. "चमच्याने वाटीभर खाऊन दाखवायचं. माझ्यासमोर. मग ॲडमिशन." असा इंटरव्ह्यू शनिवारी ठरला होता, म्हणून यतीनने आठवडाभर रजा टाकली. तेव्हा इंटरव्ह्यूला जाणारा माणूस जसा तयारी करतो तशी तयारी घरात सुरू झाली. फक्त ज्याचा इंटरव्ह्यू होता तो सोडून सगळ्यांनी केली.

यतीनच्या पद्धतीत संघभावनेला महत्त्व होतं. जेवणाच्या वेळी साईराजला उंच खुर्चीत बसवायचं आणि समोर अर्धवर्तुळात यतीन, मृणालिनी आणि शेवंतीबाई यांनी बसायचं. यतीनच्या हातात चमचा, मृणालिनीच्या हातात खुळखुळा, शेवंतीबाईंच्या हातात पदर, कारण शेवटी पुसायला तोच लागायचा. चमचा निघाला की तिघंही "आऽऽ" करून आपापली तोंडं उघडत. बाळाला भरवताना मोठ्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं हा निसर्गनियम आहे. आजवर तो कोणाला मोडता आलेला नाही. साईराज त्या तीन उघड्या तोंडांकडे आळीपाळीने बघायचा. शेवंतीबाईंचे दोन दात पडलेले होते, तिथे तो जरा जास्त वेळ थांबायचा. आणि मग तोंड मिटून घ्यायचा.

पहिल्या मजल्यावर राहण्याचा तोटा असा, की जिना चढणारा प्रत्येक माणूस आत डोकावतो. समोरच्या जिग्नाबेन रोज डोकावायच्या. "यतीनभाई, चमचा फेंक दो! हाथ में खाखरा आपी दो. मेरा छोकरा खाखरे पे ही बडा हुआ." त्यांचा छोकरा आता सहा फुटांचा होता आणि जिमला जायचा, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण यतीनने आपण प्रशिक्षक आहोत हे लक्षात ठेवून हसून सांगितलं, "अभी प्रोसेस चालू है बेन." सोसायटीचे सेक्रेटरी धर्माजीकाका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्म्यातून साईराजची पाहणी केली आणि म्हणाले, "हा रीतसर विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. काही माणसं असतात अशी. आमचे एक डायरेक्टर होते." पण पुढे डायरेक्टरांनी तोंड कसं उघडलं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी टँकर आला.

टँकर म्हणजे काय हे मीरा-भाईंदरच्या माणसाला सांगायला नको, पण यतीनच्या सोसायटीत त्याला एक शासकीय बाजू होती. गल्ली चिंचोळी, त्यामुळे टँकर उलटाच आत घ्यावा लागे. मागे एकदा त्याने कुंपणाची भिंत पाडली होती. त्यानंतर सोसायटीने ठराव करून, गेटच्या बरोबर वर राहणाऱ्या यतीनला मानद रिव्हर्स निरीक्षक नेमलं होतं. टँकरचा रिव्हर्सचा हॉर्न, ती पिपाणीसारखी ट्यून, वाजायला लागली की यतीनने असेल तिथून उठून हॉलच्या खिडकीत जायचं आणि ड्रायव्हरला "आने दो, आने दो" करून आत घ्यायचं. त्याच वेळी सोसायटी तासाभरासाठी घरोघरी पाणी सोडत असे, म्हणून शेवंतीबाई कळशा घेऊन स्वयंपाकघरात आणि मृणालिनी बादल्या घेऊन बाथरूममध्ये धावत. कोणी कोणाला काही सांगायचं नाही. सीमेवर सैन्य लावतात तसं सगळं आपोआप लागायचं.

त्या दिवशी ट्यून वाजली तेव्हा यतीनच्या एका हातात लाल भोपळ्याने भरलेला चमचा होता. खुर्ची खिडकीला लागूनच होती. चमच्याचा हात मागे साईराजपाशीच ठेवून तो वळला आणि बाहेर वाकला. "आने दो... आने दो... डावीकडे काट जरा! आने दो..." खाली गुणवंत ड्रायव्हर आरशातून त्याच्याकडे बघत टँकर मागे घेत होता. भिंत एक वीत उरली तेव्हा यतीन ओरडला, "बस!" आणि मागे वळला. बघतो तर चमचा रिकामा. साईराजचे गाल फुगलेले, ओठ भगवे, आणि नजरेत पूर्ण समाधान.

यतीनने श्वास रोखून दुसरा चमचा भरला. तेवढ्यात गुणवंतने टँकर थोडा पुढे घेऊन पुन्हा मागे घ्यायला सुरुवात केली. निरीक्षकाला खिडकीत जाणं भाग होतं. "आने दो, आने दो..." वळून बघतो तर हाही चमचा साफ. अशा रीतीने त्या दुपारी, कळशा आणि बादल्या भरून होईपर्यंत, साईराज पालशेतकर अर्धी वाटी भोपळा जेवला.

"मृणाल! आई! खाल्लं त्याने! टँकरवर खाल्लं!"

मृणालिनी ओल्या हातांनी धावत आली. अर्धी संपलेली वाटी बघून ती रडायला लागली. शेवंतीबाईंनी आधी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि मग चौकशी केली. यतीनने सगळं समजावून दिलं, फळ्यावर समजावतात तसं. हॉर्नची ट्यून लागली की मुलाचं तोंड उघडतं. गोष्ट अगदी उघड होती. एखाद्याला चहाबरोबर पेपर लागतो, याला जेवणाबरोबर टँकर लागतो. शेवंतीबाई म्हणाल्या, "बापाचंच वळण. ह्यो लहान होता तेव्हा एश्टी बघितल्याबिगर आंघोळ करायचा नाय." यतीनने या माहितीकडे दुर्लक्ष केलं.

पण टँकर काही दिवसातून तीनदा येत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग सुरू झाले. आधी तोंडी. यतीन चमचा लांबून, हळूहळू मागे मागे आणल्यासारखा करत आणायचा, शेवंतीबाई आणि मृणालिनी ठेक्यात म्हणायच्या, "आने दो, आने दो," आणि चमचा ओठांशी आला की तिघं मिळून, "बस!" गुहागरच्या बाईला हिंदीत आने दो म्हणताना ऐकून जिग्नाबेन दार उघडून उभ्याच राहिल्या. साईराजने हा कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला. तोंड उघडलं नाही. मग यतीनने गुणवंतला फोन करून हॉर्नचं रेकॉर्डिंग मागवलं. मोबाईलवर ट्यून वाजताच बाळाने मोबाईल मागितला आणि तो खाल्ला, म्हणजे खायचा प्रयत्न केला. यतीन म्हणाला, "आवाजात दम नाही. खरा हॉर्न पाहिजे."

खरा हॉर्न स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला. तो चालवायला इन्व्हर्टरची बॅटरी घरात होतीच. यतीनने गुरुवारी सकाळी हॉर्न खिडकीच्या जाळीला बांधला, चमचा भरला आणि वायर जोडली.

आता या हॉर्नबद्दल एक गोष्ट यतीनच्या लक्षात यायला हवी होती. तो वाजल्यावर साईराज तोंड उघडेल की नाही हे माहीत नव्हतं, पण सोसायटीतले बाकीचे सगळे काय करतील हे माहीत होतं. बत्तीस घरांत एकाच वेळी भांडी वाजली. चौथ्या मजल्यावर कोणीतरी दाढीसाठी तोंडाला साबण लावून उभा होता, तो तसाच बादल्या घेऊन बाथरूममध्ये शिरला. जिग्नाबेनने सगळे नळ उघडून ठेवले आणि नळांनी फक्त सूं सूं केलं. खाली धर्माजीकाका टाकीचं झाकण उघडून, गेट उघडून, रस्त्यात उभे राहिले आणि नसलेल्या टँकरची वाट बघत राहिले. तो वाजतोय पण दिसत नाही, हे त्यांच्या सगळ्या नोकरीत प्रथमच घडत होतं. शेवटी आवाजाचा माग काढत त्यांनी मान वर केली, तर पहिल्या मजल्याच्या जाळीत हॉर्न आणि त्यामागे अजून भरलेलाच चमचा घेतलेला निरीक्षक.

संध्याकाळी विशेष सभा झाली. विषय: टँकरची खोटी हाळी. धर्माजीकाका म्हणाले, "उपविधीत यासाठी कलम नाही. पण ते आपल्या हातात आहे." साबणवाल्या गृहस्थांनी साबणाने लाल झालेला डोळा सर्वांना दाखवला. यतीनने उभं राहून मनापासून खुलासा केला, की बाळ फक्त टँकरवर जेवतं.  मग कोणीतरी मागून विचारलं, "बोअरिंगच्या पाण्यावर काय करतो मग?" आणि सभा हसण्यात बुडाली. हॉर्न जप्त झाला. यतीनला चौकशी पूर्ण होईपर्यंत मानद रिव्हर्स निरीक्षक या पदावरून दूर करण्यात आलं. पद फुकटचं होतं, पण त्याला वाईट वाटलं. त्याने घरी येऊन, गणवेश परत करावा तसा, शर्ट घडी करून ठेवला.

शुक्रवारी खरा टँकर आला. निरीक्षकाच्या जागी आता धर्माजीकाका स्वतः ओरडणार होते, त्यासाठी ते जिग्नाबेनच्या गॅलरीत उभे राहिले. यतीन मोकळा होता. म्हणून तो साईराजच्या समोर, अगदी जवळ, स्टूल ओढून बसला, ट्यून सुरू होताच चमचा त्याच्या ओठांशी धरला आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, जीव एकवटून, "आऽऽ" केलं.

साईराजने तोंड मिटलं ते टँकर जाईपर्यंत उघडलं नाही.

टँकर गेल्यावर यतीनचा चेहरा एकदम उजळला. "कळलं! नुसता टँकर चालत नाही. टँकर पाहिजे आणि 'आने दो' माझ्या आवाजात पाहिजे. बापाचा आवाज आहे शेवटी!"  मृणालिनीने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. तिला काहीतरी वेगळंच सुचल्यासारखं झालं होतं, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

इंटरव्ह्यू दुसऱ्या दिवशी दुपारी होता. यतीन तडक गुणवंतला गाठायला गेला. गुणवंतने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे साहेब, मी सिल्व्हर पार्कला यायचं, गल्लीत रिव्हर्स मारायचा, आन् जायचं?"

"बस, एवढंच."

"पाणी?"

"पाणी नको."

"तसं न्हाय जमत. भरला टँकर निघाला म्हणजे कोणत्या तरी सोसायटीच्या नावाने निघणार, आन् जाईल तिथंच रिकामा होणार. सेक्रेटरीची सही पाहिजे."

आता एकच सही यतीनच्या ओळखीची होती. तो धर्माजीकाकांकडे गेला. काकांनी दार उघडलं, जप्त केलेला हॉर्न त्यांच्या टीव्हीवर ठेवलेला दिसत होता. यतीनने हॉर्नवरची नजर काढून घेतली. मग एकदम म्हणाला, "काका, सोमवारपासून ती ऑफिसला जाणार. उद्या हा जेवला नाही तर आई त्याला गावाला नेणार. तो माझ्या घरात नसेल, काका."  काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आत जाऊन शिक्का घेऊन आले आणि सही करता करता म्हणाले, "प्रयोजनात काय लिहू? बालसंगोपन लिहितो. कोणी विचारलं तर मी बघून घेईन."

अंबिका मॅडमचं पाळणाघर पहिल्या मजल्यावर, गल्लीकडे मोठी सरकती खिडकी असलेलं. शनिवारी दुपारी तिथे छोट्या खुर्च्यांवर चार-पाच मुलं ओळीने बसली होती. साईराजला इशिता नावाच्या एका गुबगुबीत मुलीशेजारी बसवलं. तिच्या समोर गुरगुट्या भात, तूप, वर मेतकूट. त्याच्या समोर घरून आणलेली भोपळ्याची वाटी. मृणालिनीने पदराच्या टोकाला गाठ मारली होती, नवस बोलल्यासारखी. मॅडमने हाताची घडी घालून सांगितलं, "करा सुरू."

यतीनने घड्याळ पाहिलं आणि खिडकी थोडी सरकवली. "मॅडम, जरा वारा."

खाली ट्यून वाजायला लागली. यतीन अर्धा बाहेर वाकला आणि ओरडला, "आने दो! आने दो!"

त्याने एक गोष्ट धरली नव्हती. सिल्व्हर पार्कमध्येही पाणी नव्हतं. टँकर दिसताच समोरच्या इमारतीतून लोक उतरले, कारण ते सकाळपासून टँकरची वाट बघत होते आणि हा टँकर त्यांचाच असणार, यात त्यांना शंका नव्हती. पाळणाघराच्या इमारतीतले लोकही उतरले. त्यांनी टँकर मागवलाच नव्हता, आणि न मागता टँकर आला म्हणजे आज नळ येणार नाही, महापालिकेने आधीच कळवलं असणार आणि सेक्रेटरीने दाबून ठेवलं असणार, असं त्यांचं मत झालं. "टँकर हमारा है!" "गल्ली हमारी है!" दोन बाजूंनी बादल्या पुढे सरकल्या. गुणवंत केबिनमधून डोकं काढून विचारत होता, "अरे, झाकण कुठल्या टाकीचं उघडू?" कोणीतरी त्याच्या हातातला कागद घेऊन मोठ्याने वाचला: "प्रयोजन: बालसंगोपन." दोन्ही इमारतींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग त्या दुप्पट जोराने भांडायला लागल्या.

"अरे, हे काय चाललंय?" म्हणत अंबिका मॅडम खिडकीकडे धावल्या. त्यांच्या मागून पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्या दोन्ही मावश्या धावल्या. मृणालिनीही धावली, कारण नवरा जवळजवळ कमरेपर्यंत बाहेर गेला होता. "आने दो" ओरडावं की "जाने दो" हे त्याला कळेना. "भैया, वो टँकर मेरा है!" तो वरून ओरडला, आणि दोन्ही इमारतींनी एकदम वर पाहिलं. "तुम कौन?" सांगायला निरीक्षकाचं पदही आता राहिलं नव्हतं.

तेव्हा मृणालिनीने त्याचा दंड धरला. ती काचेत बघत होती. सरकत्या खिडकीच्या काचेत मागची खोली दिसत होती.

"यतीन," ती हळूच म्हणाली, "वळू नकोस."

"काय झालं?"

"मागे बघू नकोस म्हणते ना. बाहेरच बघ. खातोय तो."

 मॅडमने मान वळवली नाही. मावश्यांनीही माना वळवल्या नाहीत. सगळे खिडकीत ओळीने उभे राहून काचेत बघू लागले. काचेतला साईराज चमचा बाजूला टाकून, पाची बोटं वाटीत घालून भोपळा खात होता. घाई नव्हती. बोटं तोंडात जात होती, निघत होती, तो मान डोलवत होता. त्याच्याकडे कोणीही बघत नव्हतं, कोणीही तोंड उघडून बसलं नव्हतं, आणि हे त्याला अतिशय आवडलेलं दिसत होतं.

खाली टँकरची ट्यून केव्हाच थांबली होती. दोन्ही सोसायट्यांनी निम्मं निम्मं पाणी घेण्याचं ठरवलं आणि बादल्या हलायला लागल्या. गुणवंतने वर बघून, "साहेब, जेवला का?" अशी हाताने खूण केली. यतीनने मान डोलावली. बाहेर बघण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं, तरी तो बघत राहिला. मंगळवारी चमचा हातात असताना आपण खिडकीबाहेर बघत होतो. शुक्रवारी त्याच्याकडे बघत होतो. एवढी साधी गोष्ट, आणि आपण इन्व्हर्टरला हॉर्न जोडला. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मुलगा पहिल्यांदा पोटभर जेवत होता आणि बापाने करायची मदत एवढीच होती, की पाठ करून उभं राहायचं.

बऱ्याच वेळाने मॅडम वळल्या. साईराजची वाटी रिकामी होती. इशिताचीही वाटी रिकामी होती. इशिता रडत नव्हती. ती आश्चर्याने शेजाऱ्याकडे बघत होती. साईराजच्या हनुवटीवर भोपळ्याच्या वर मेतकूट लागलेलं होतं.

"घेतलं," अंबिका मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून आणा. पण माझी एक अट आहे."

"काय म्हणाल ते," यतीन म्हणाला.

"जेवणाच्या वेळी वडिलांनी इकडे फिरकायचं नाही."

घरी आल्यावर शेवंतीबाईंनी बातमी ऐकली, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि म्हणाल्या, "बरं झालं. मग मी आपली गायीकडं जातंय." त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि नातवाला गावाला न्यायचं राहिलं, हेही होतं. साईराज थकून झोपला. मृणालिनी सोमवारची साडी इस्त्रीला काढून बसली आणि मधूनच उगाच हसायला लागली.

"तू सकाळधरनं जेवला नायस," शेवंतीबाई यतीनला म्हणाल्या. त्यांनी ताट वाढलं: भाकरी, कुळथाची पिठी, भात. आणि समोर पाट घेऊन, हातात पळी धरून, त्या बसल्या. यतीनने भाकरीचा तुकडा मोडला. आईने तुकड्याकडे पाहिलं. त्याने तो पिठीत बुडवला. आई पुढे झुकली. त्याने घास तोंडापाशी नेला आणि समोर पाहिलं, तर आईचं तोंड उघडलेलं होतं, दोन पडलेल्या दातांच्या जागेसकट. चौतीस वर्षांत ते एकदाही मिटलेलं नव्हतं, हे यतीनला आज दिसलं. त्याचे ओठ आपोआप मिटले. घास हातातच राहिला.

"का रे? खारट झाली पिठी?"

"नाही," यतीन म्हणाला. "आई, टँकर आला वाटतं."

शेवंतीबाई पळी टाकून कळशी घेऊन धावल्या. यतीनने ताट जवळ ओढलं आणि पोटभर जेवला.